'शक्य असेल तेथवर' : अपंग धोरण ठरवणाऱ्या टेबलाभोवती कोण बसलं?

विषय समित्यांचा आहे आणि समिती म्हटलं की माणसं खुर्चीत जरा मागे रेलतात, हे मला ठाऊक आहे. तरी विनंती अशी, की एकच प्रश्न मनात ठेवून ऐका. प्रमाणपत्र कोणाला मिळणार, नोकरीत जागा किती, बसची पायरी किती उंच, हे सगळं कुठं तरी ठरतं. ते ठरवणाऱ्या टेबलाभोवती स्वतः अपंग असलेली माणसं किती होती, आणि त्यांना तिथं कोणी बसवलं?

आधी शब्दाबद्दल. मी आज बहुतेक ठिकाणी 'अपंग' म्हणणार आहे, कारण ज्या काळाबद्दल बोलायचंय त्या काळातल्या चळवळीचा आणि कायद्यांचा तो मराठी शब्द आहे. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, आणि पुढच्या वर्षात केंद्राच्या विभागाच्या नावातही तो आला. अपंगांच्या बऱ्याच संघटनांनी तेव्हा हरकत घेतली होती. ज्यांचं बारसं करायचं त्यांना आधी विचारलं नव्हतं. तेव्हा ही गोष्टसुद्धा आजच्या विषयात मोडतेच.

सुरुवात स्वातंत्र्याच्या आधीपासून करू. 1944 मध्ये भारतातल्या अंधत्वावर एक सरकारी अहवाल तयार झाला. त्याचे कर्ते सर क्लुथा मॅकेन्झी. हे न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी ते डेहराडूनला काम करत होते. म्हणजे या देशातल्या अंधांविषयीचा पहिला मोठा सरकारी दस्तऐवज एका अंध माणसाच्या हातून आला. त्या अहवालानंतर 1947 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यात अंधांसाठी वेगळा कक्ष निघाला आणि तिथं लाल आडवाणी आले. तेही अंध. 1951 मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' ठरली. आज मराठी ब्रेल वाचणारं मूल ज्या लिपीत वाचतं, ती हीच.

मला हे मुद्दाम सांगायचंय. अपंग माणूस धोरणात नंतर कधी तरी, चळवळीमुळे शिरला, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तो सुरुवातीलाच होता, पण एकटा होता. एका व्यक्तीची कर्तबगारी म्हणून होता. तो कोणाचा प्रतिनिधी नव्हता, आणि तो निवृत्त झाला की त्याची खुर्ची पुन्हा अपंग माणसाकडेच जावी, असा काही नियम नव्हता.

आता मराठीतले दोन प्रत्यय घ्या, 'साठी' आणि 'ची'. अपंगांसाठीची संस्था आणि अपंगांची संस्था. यातला फरक समजला तर आजचं निम्मं व्याख्यान समजलं. 1952 मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे आपण ज्याला 'नॅब' म्हणतो ती संस्था स्थापन झाली. मोठं काम, शाळा, प्रशिक्षण, ब्रेल पुस्तकं. ही 'साठी'ची संस्था. 1970 मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड निघालं. ही अंधांनी चालवलेली, अंधांची. दोघांच्या इंग्रजी नावांत एका छोट्या शब्दाचा फरक आहे, आणि सरकार दरबारी बोलावणं कोणाला जायचं याचं गणित त्या शब्दावर फिरतं. 'साठी'च्या संस्थेकडे इमारत असते, हिशेब असतो, विश्वस्त मंडळात प्रतिष्ठित नावं असतात. 'ची'च्या संघटनेकडे मोर्चा असतो. मार्च 1980 मध्ये फेडरेशनचे अंध कार्यकर्ते रोजगाराची मागणी घेऊन दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासस्थानाकडे निघाले होते, तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. पुढचंच वर्ष, 1981, संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केलेलं होतं. त्याचं घोषवाक्य होतं संपूर्ण सहभाग आणि समानता.

याच सुमाराला, 1980 मध्येच, कॅनडातल्या विनिपेगमध्ये 'रिहॅबिलिटेशन इंटरनॅशनल' या जागतिक संस्थेचं अधिवेशन भरलं. डॉक्टर, थेरपिस्ट, समाजसेवक, अधिकारी असा सगळा पुनर्वसनातल्या तज्ज्ञांचा मेळा. त्यात त्या वर्षी अपंग प्रतिनिधीही बऱ्याच संख्येनं आले होते. स्वीडनचे बेंगट लिंडक्विस्ट, स्वतः अंध, यांनी पुढाकार घेतलेली मागणी अशी होती, की संस्थेच्या निर्णय घेणाऱ्या सभेत निम्मे प्रतिनिधी स्वतः अपंग असावेत. ठराव फेटाळला गेला. ज्यांच्या पुनर्वसनावर आपलं शास्त्र उभं आहे, त्यांनी आपल्या बरोबरीनं मत द्यावं, हे तज्ज्ञांना पटलं नाही. मग त्या मंडळींनी वेगळी चूल मांडली, आणि 1981 मध्ये सिंगापूरला 'डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल' ही अपंगांची जागतिक संघटना उभी राहिली. हेच लिंडक्विस्ट पुढे स्वीडनमध्ये मंत्री झाले आणि 1994 पासून संयुक्त राष्ट्रांचे अपंगत्वविषयक विशेष प्रतिवेदकही.

आपल्याकडे परत येऊ. 1987 मध्ये न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांच्या अध्यक्षतेखाली सर्वंकष कायद्यासाठी समिती नेमली गेली. तिनं अहवाल दिला आणि तो बरीच वर्षं पडून राहिला. कायदा हलला तो बाहेरून धक्का बसल्यावर. डिसेंबर 1992 मध्ये बीजिंगला आशिया-पॅसिफिकच्या देशांनी अपंगांचं दशक जाहीर केलं, भारतानं त्यावर सही केली, आणि ती सही कायद्याचा आधार झाली. दुसरा धक्का रस्त्यावरून. जावेद आबिदी हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. अलीगढला जन्म, चाकाच्या खुर्चीवर वावर, अमेरिकेत शिक्षण, आणि परत येऊन दिल्लीत 'डिसेबल्ड राइट्स ग्रुप'ची उभारणी. डिसेंबर 1995 मध्ये या लोकांनी संसदेवर मोर्चा नेला. त्याच महिन्यात विधेयक मंजूर झालं, आणि 7 फेब्रुवारी 1996 पासून कायदा लागू झाला. त्याच्या नावातच 'समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि संपूर्ण सहभाग' असे शब्द आहेत.

मग कायदा उघडून आपण तिसरं कलम बघतो. केंद्रीय समन्वय समिती. अपंगत्वाच्या प्रश्नांवर देशाचं मध्यवर्ती ठिकाण. तिच्यात कोण कोण? कल्याणमंत्री अध्यक्ष. राज्यमंत्री उपाध्यक्ष. शिक्षण, आरोग्य, ग्रामविकास, नगरविकास, खर्च विभाग अशा खात्यांचे सचिव. रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष. एनसीईआरटीचे संचालक. तीन खासदार. राष्ट्रीय संस्थांचे संचालक, त्यात मुंबईच्या अली यावर जंग श्रवण संस्थेचेही. राज्यांचे चार प्रतिनिधी आळीपाळीनं. असे करत करत सुमारे चाळीस जण होतात. आणि त्यांत पाच, पुन्हा सांगतो, पाच जण, अपंगांच्या क्षेत्रातल्या संस्थांचे प्रतिनिधी, केंद्र सरकारनं नेमलेले, अपंगत्वाच्या प्रत्येक क्षेत्रातून एक. त्यांत किमान एक स्त्री, आणि किमान एक जण अनुसूचित जाती-जमातीतला.

हे पाच जण स्वतः अपंग असले पाहिजेत का? कायदा म्हणतो, 'शक्य असेल तेथवर'.

या तीन शब्दांवर मी थोडा थांबणार आहे. रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांसाठी 'शक्य असेल तेथवर' लिहिलेलं नाही. सचिवांसाठी नाही. खासदारांसाठी नाही. चाळिसातल्या ज्या पाच खुर्च्या अपंग माणसाच्या नावानं होत्या, त्याच कच्च्या शाईनं लिहिल्या गेल्या. आणि हिशेबही बघा. कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सात. अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, चलनवलनाचं अपंगत्व, मतिमंदत्व (हा तेव्हाचा कायद्यातला शब्द) आणि मानसिक आजार. खुर्च्या पाच, आणि म्हणे प्रत्येक क्षेत्रातून एक. दोन क्षेत्रं कुठल्या बाकावर बसायची, हे कायद्यानं सांगितलं नाही.

त्याहून टोचणारी गोष्ट पाचव्या कलमात. सदस्य व्हायला कोण अपात्र, त्याची यादी. दिवाळखोर, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला, आणि 'विकल मनाचा' म्हणून सक्षम न्यायालयानं घोषित केलेला. कोणत्याही सरकारी मंडळाच्या कायद्यात हे कलम असतंच, जुन्या साच्यातून उचललेलं. पण हा कायदा तर मानसिक आजार हे अपंगत्व आहे असं स्वतःच मानतो! दुसऱ्या कलमात ज्याला हक्कदार म्हटलं, त्याच्यातल्याच एका माणसाला पाचव्या कलमात दारातून परत पाठवलं. पुण्यात बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी आयुष्यभर ज्या गोष्टीशी झुंज दिली ती हीच. मनाच्या आजाराचं नाव लागलं की माणसाची सही, मत, साक्ष, सगळं कायद्याच्या नजरेत हलकं होतं.

समितीनं सहा महिन्यांतून एकदा तरी भेटायचं, असंही कायद्यात आहे. समजा भेटली. कर्णबधिर सदस्य त्या चाळीस जणांत बसला. त्याच्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी कुठून येणार? भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण करणारं केंद्र दिल्लीत उभं राहिलं 2015 मध्ये. म्हणजे 'संपूर्ण सहभाग' कायद्याच्या नावात येऊन जवळपास वीस वर्षं होत आली होती. कार्यक्रमपत्रिका ब्रेलमध्ये की छापील, बैठकीची खोली कितव्या मजल्यावर, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण ज्याला कागदच वाचता येत नाही त्याची खुर्ची फोटोपुरतीच उरते.

मग एक गंमत दिसते. गंमत म्हणायचं खरं तर जिवावर येतं. या काळात अपंगांनी जे मोठं मिळवलं ते समितीच्या टेबलावर मिळवलं, असं इतिहास बघून म्हणता येत नाही. कायद्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून आबिदी सर्वोच्च न्यायालयात गेले. विमानात चढण्यासाठी अरुंद खुर्ची आणि उचलणारी गाडी हे विषय त्या खटल्यातून आले. 2001 च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न आला तो आंदोलनामुळे, आणि मोजणी झाली 2 कोटी 19 लाख. (2011 मध्ये ती 2 कोटी 68 लाख झाली.) सरकारी नोकरीतल्या 3 टक्के आरक्षणाचा हिशेब कसा करायचा, हा वाद राष्ट्रीय अंध फेडरेशननं सर्वोच्च न्यायालयात 2013 मध्ये जिंकला. ज्यांच्यासाठी पाच खुर्च्या राखल्या होत्या, त्यांना दर वेळी इमारतीच्या बाहेरूनच दार वाजवावं लागलं.

इथं कोणी विचारेल, आणि मागच्या रांगेतून तसा हात वर झालेला दिसतोय, की ज्यांना स्वतः बोलता येत नाही त्यांचं काय? रास्त प्रश्न आहे. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा याच प्रश्नातून आला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी. 'आमच्यानंतर याचं कसं होणार' ही आईबापांची काळजी त्या कायद्याच्या मुळाशी आहे. त्याच्या मंडळात नोंदणीकृत संस्थांमधून नऊ जण घ्यायचे ठरलं. तीन स्वयंसेवी संस्थांचे, तीन पालकांच्या संघटनांचे, तीन अपंग व्यक्तींच्या संघटनांचे. मला ही रचना 1995 पेक्षा प्रामाणिक वाटते. निदान पालक वेगळे आणि अपंग व्यक्ती वेगळी, एवढं तरी ती मान्य करते. आई मुलासाठी जीव टाकते, पण तिला हवी असते सुरक्षितता. मुलाला कदाचित एकट्यानं बसनं जायचं असतं. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, पण त्या एकाच तोंडून बोलायला लागल्या की नेहमी आईचीच ऐकू येते.

दुसरीकडे काय झालं तेही थोडक्यात. ब्रिटनमध्ये 2000 साली डिसॅबिलिटी राइट्स कमिशन सुरू झालं. त्याच्या कायद्यानं सांगितलं होतं की निम्म्याहून जास्त आयुक्त स्वतः अपंग, किंवा पूर्वी अपंगत्व आलेले असले पाहिजेत. अध्यक्ष बर्ट मॅसी यांना लहानपणी पोलिओ झालेला होता. युगांडा हा तर आपल्यापेक्षा गरीब देश. तिथं संसदेत अपंगांसाठी पाच जागा आहेत, आणि त्या अपंगांच्याच मतदारमंडळातून निवडून येतात. तेव्हा अडचण पैशाची आहे, हे उत्तर चालणार नाही. निवडणं आणि नेमणं यांतला फरक आहे. नेमलेला माणूस ज्यानं नेमलं त्याच्याकडे बघतो. हा स्वभावाचा दोष नाही, रचनेचा आहे.

13 डिसेंबर 2006 रोजी संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. 'आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नको' ही घोषणा तोवर जगभर झाली होती, आणि ती कराराच्या चौथ्या कलमात उतरली. धोरण आखताना अपंगांशी, त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत, जवळून सल्लामसलत करायची आणि त्यांना सक्रिय सामील करून घ्यायचं. इथं 'शक्य असेल तेथवर' नाही. भारतानं ऑक्टोबर 2007 मध्ये करार मंजूर केला.

त्यामुळे जुना कायदा बदलणं भाग झालं. 2010 मध्ये कोलकात्याच्या डॉ. सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि जून 2011 मध्ये तिनं मसुदा दिला. मग तो मसुदा खात्या-खात्यांतून फिरला, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये राज्यसभेत जे विधेयक आलं ते बघून चळवळीत उभी फूट पडली. आबिदी आणि त्यांच्या बरोबरचे म्हणाले, आहे ते पदरात पाडून घ्या, दुरुस्त्या नंतर करू. दुसऱ्या संघटना म्हणाल्या, करारातला आत्माच काढलाय, हे आम्हाला नको. बाहेरच्यांनी तेव्हा नाकं मुरडली, 'यांच्यातच एकी नाही' म्हणून. मला त्यात वावगं काही दिसत नाही. शेतकऱ्यांच्या संघटना भांडतात, कामगारांच्या भांडतात. अडीच-पावणेतीन कोटी माणसांचं एकच मत असावं ही अपेक्षा फक्त अपंगांकडूनच का?

शेवटी डिसेंबर 2016 मध्ये दोन्ही सभागृहांत दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मंजूर झाला. प्रकार सातांचे एकवीस झाले. समन्वय समितीच्या जागी केंद्रीय सल्लागार मंडळ आलं. संस्थांच्या प्रतिनिधींच्या जागा पाचाच्या दहा झाल्या, त्यांत किमान पाच स्त्रिया, अनुसूचित जातीतला एक आणि जमातीतला एक. ही खरी पुढची पायरी आहे, नाकारायचं कारण नाही. पण आता मंडळात सगळ्या राज्यांचे मंत्री आणि केंद्रशासित प्रदेशांचे प्रशासकही आहेत. तेवढेच पस्तीसच्या वर जातात. वर सचिव, अध्यक्ष, संचालक. खुर्च्या दुप्पट झाल्या, टेबलही तसंच लांबलं, आणि प्रमाण फारसं हललं नाही. आणि ते दहा जण अपंग असावेत कुठवर? 'शक्य असेल तेथवर'. एकवीस वर्षांनी, करारावर सही करून झाल्यावर, तेच शब्द. 'विकल मना'चं कलमही तसंच, फक्त त्याचा क्रमांक बदलून बासष्ट झाला.

नव्या कायद्यात मुख्य आयुक्तांच्या मदतीला दोन आयुक्त आहेत, आणि त्यांतला एक अपंग असलाच पाहिजे. इथं पळवाट ठेवलेली नाही. पण पद भरलं तर ना! 2019 नंतर बराच काळ मुख्य आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार विभागाच्या सचिवांकडेच होता. विभागाविरुद्ध तक्रार घेऊन जायचं ते विभागाच्याच सचिवाकडे. आपल्याकडे याला काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको.

आणि सल्लामसलत कशी होते त्याचा नमुना जुलै 2020 चा. कोविडचे दिवस. कायदा मोडणाऱ्यांवरच्या शिक्षेची कलमं सौम्य करण्याचा प्रस्ताव विभागानं काढला. उद्योगांना सोपं जावं हा हेतू. हरकती कळवायची मुदत 10 जुलै, म्हणजे जेमतेम आठ-दहा दिवस. ज्यांना बाहेर पडायलाही सोबत लागते, अशांना टाळेबंदीत एवढी मुदत. देशभरातल्या संघटनांनी एका सुरात विरोध केला आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. वरच्या 2014 च्या फुटीची आठवण ठेवा आणि हे त्याच्याशेजारी ठेवून बघा.

आपल्या महाराष्ट्रात 2022 च्या डिसेंबरमध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. आयुक्तालय इथं पुण्यात आहे. कायद्यानं राज्याला सल्लागार मंडळ आणि जिल्ह्याला समिती सांगितलेली आहे. तुमच्या जिल्ह्याच्या समितीवर कोण आहे, त्यांतले स्वतः अपंग किती, शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात एका अर्जानं विचारता येतं.

एकच कागद अजून दाखवतो. 2016 च्या कायद्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 2017 मध्ये, मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला. त्याच्या केंद्रीय प्राधिकरणात दोन जागा अशा व्यक्तींसाठी आहेत, ज्यांना मानसिक आजार आहे किंवा होता. दोन त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी, वेगळ्या. तिथं 'शक्य असेल तेथवर' लिहिलेलं नाही. संसद तीच, साल जवळजवळ तेच, फक्त मंत्रालय वेगळं. एका कायद्यात त्या माणसासाठी खुर्ची आहे, दुसऱ्यात त्याच माणसाला अपात्र ठरवू शकणारं कलम.

इथं थांबतो. मागच्या रांगेतला हात अजून वर आहे, तेव्हा पहिला प्रश्न तिकडून घेऊ.